टिटवी, कासव आणि उद्गारचिन्ह

मुलांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच असतील. पण उभी रेघ आणि तिच्याखाली टिंब, त्या उद्गारचिन्हाबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे.

एका जंगलातल्या तळ्यात एक लाजरे कासव राहत असे. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून तिथे एक बदकी येई. दोघे दिवसभर शेवाळ खात, फारसे बोलत नसत. कासवाला वाटे, हिवाळा संपूच नये. काठावर एक टिटवीही होती. साधा बेडूक दिसला तरी ती ओरडे, "अगं बाई! बेडूक! बेडूक!"

उन्हे तापू लागली, तशी बदकी निघाली. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी इथे उतरू, की डोंगरापलीकडच्या तळ्यावर? जिथे कोणी वाट बघेल, तिथेच उतरेन म्हणते."

"इथेच ये गं बाई! ये! ये!" टिटवी ओरडली.

"तू तर म्हशींनासुद्धा अशीच बोलावतेस," बदकी हसली. मग कासवाकडे वळली. "आणि तू रे?"

कासवाला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "ये. पाणी असेल."

"पाणी काय, तिकडेही असते." बदकी थोडा वेळ थांबली. कासवाने मान कवचात ओढून घेतली. मग ती उडाली.

ती आभाळात मोहरीएवढी झाली, तेव्हा कासव जन्मात पहिल्यांदा ओरडले, "ये! माझ्यासाठी ये!" बेडूक गप्प झाले. टिटवीसुद्धा गप्प झाली. पण बदकी फार लांब गेली होती.

पुढच्या हिवाळ्यात दुसरी बदके आली. ती बदकी मात्र डोंगरापलीकडे उतरली. दगडावर मान लांब करून बसलेले कासव दिसले, की लोक म्हणतात, ऊन खात आहे. खरे तर ते आभाळाकडे बघत असते.

तात्पर्य : उद्गारचिन्ह ऊठसूट देऊ नये, त्याची टिटवी होते. पण जीव ओतून म्हणायचा जो एखादाच शब्द असतो, त्याच्यापुढे ते द्यायला लाजू नये, आणि उशीरही करू नये.

ही गोष्ट काल लिहिली. आमच्या शेजारची कुमुदिनी नर्सिंग शिकायला निघाली होती, आणि आठवडाभर मी तिला "सांभाळून जा." एवढेच म्हणत होतो. आज सकाळी मी एस.टी. स्टँडवर गेलो. गाडी सुरू झाली होती. मी खिडकीखाली उभा राहून म्हणालो, "परत ये!"

सगळी गाडी माझ्याकडे बघू लागली. तीही.