एक पळी जवसाचं तेल

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तिथल्या राजाचं नाव सांगायलाही आता कुणी उरलं नाही. त्याच्या राज्यात एक उघडा माळ होता आणि माळावर मेंढरं राखणारी माणसं होती. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका.

त्या माळाची एक रीत होती. आपल्या मेंढरांचा खरा आकडा कुणी कुणाला सांगायचा नाही. का, तर म्हणे नजर लागते! ऐंशी असली तर चाळीस सांगायची. ऐकणारा मनातल्या मनात दुप्पट करून घ्यायचा. कुणाचं काही अडत नसे.

तिथे धुळाप्पा नावाचा मेंढपाळ राहत होता. भारी संशयी गडी. कुत्र्यानं पाहुण्यापुढे शेपूट हलवली, तरी ह्याला वाटायचं, पाहुण्यानं भाकरी टाकून कुत्रं फितवलं.

हिवाळा सरताना राजाचा आचारी माळावर येई. प्रत्येक कळपातल्या एका मेंढ्याचं मटण तो नुसत्या मिठात शिजवून चाखे. ज्याचं मटण सरस, त्याच्या कळपाला उन्हाळाभर राजाचं कुरण मोकळं. सात वर्षं हा मान धुळाप्पाकडे होता. पण त्या वर्षी पावसानं दडी मारली होती, माळावर गवताची काडी नव्हती. यंदा कुरण मिळालं तर कळप जगणार, नाहीतर सगळा संपणार.

आणि नेमकी त्याच वर्षी बनाईची मेंढरं उठून दिसू लागली. बनाई म्हणजे धुळाप्पाच्या चुलतभावाची विधवा, शेजारीच राहायची. तिच्या मेंढरांची लोकर चमकत होती, पाठीवर हात फिरवला तर हाड लागत नव्हतं.

धुळाप्पाचा जीव कासावीस झाला. मंतरलेलं पाणी पाजत असेल? आचाऱ्याला आधीच गाठलं असेल? भर दुपारी तो बाभळीआड दोन तास दबा धरून बसला. काटे मोडले अंगात, कळलं मात्र काही नाही.

शेवटी बायको वैतागली. “अहो, घरची माणसं आपण. सरळ जाऊन विचारा की!”

तो गेला. बनाईनं पाणी दिलं आणि हसून सांगूनच टाकलं, “लपवायचं काय त्यात, भावजी? जवसाचं तेल देते. एका मेंढीला दिवसाला एक पळी, कोंड्यात कालवून. पोटात गेलं की लोकरीवर दिसतं, मांसही मऊ होतं. पण एकच पळी हं, जास्त नाही.”

झालं! इतकं सरळ उत्तर ऐकून धुळाप्पाचा संशय आणखीच बळावला. वाटेनं त्याचा हिशोब सुरू झाला. एक म्हणाली, म्हणजे देते दोन. त्यातून ही बाई पक्की, म्हणजे चार असणार. आणि आपल्याला तर तिच्या पुढे जायचंय. आठ!

पुढे काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. चार दिवस लोकर चमकली. धुळाप्पा मिशीला पीळ देत हिंडला. पाचव्या दिवशी मेंढरांना हगवण लागली. आठव्या दिवशी त्यांनी रवंथ सोडला. समोरचा चारा बघून तोंड फिरवायची बिचारी.

“तेल बंद करा,” बायको म्हणाली.

“तिनं काहीतरी केलंय,” तो गुरगुरला. “आणि तू कधीपासून तिच्या बाजूची झालीस?” तेल काही त्यानं थांबवलं नाही.

आचारी आला. धुळाप्पाच्या मेंढ्याचं मटण शिजलं, तर वर तेलाचा तवंग. आचाऱ्यानं एक घास तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. “हे मटण आहे की घाण्यावरची पेंड?” मग त्यानं बनाईचं मटण चाखलं. लगेच दुसरा घास घेतला, तिसराही घेतला. कुरण बनाईला मिळालं.

आचाऱ्याला दिलेला मेंढा वगळून धुळाप्पाकडे ऐंशी मेंढरं उरली होती, त्यातली चार मेली. तो कळपात डोकं धरून बसला होता, तिथे बनाई आली. एका मेंढीचं पोट तिनं दाबून पाहिलं.

“किती पळ्या घातल्या?”

“आठ,” तो खाली मान घालून म्हणाला.

“अरे देवा! भावजी, मेंढरांचा आकडा लपवावा, औषधाचं माप लपवतं का कुणी? तेल बंद. तीन दिवस नुसता सुका कडबा घाला.”

“तीन म्हणजे... किती, वहिनी?”

“तीन म्हणजे तीन!”

त्यानं तीनच दिवस कडबा घातला. मेंढरं पुन्हा रवंथ करू लागली. तेव्हा बनाई म्हणाली, “कुरण मोठं आहे. तुमचीही मेंढरं घेऊन या.”

कुरणाच्या फाटकाशी यंदा नवाच राखणदार उभा होता. राजवाड्याकडचा माणूस, त्याला माळाची रीत कुठली ठाऊक? “मेंढरं किती?” त्यानं विचारलं. “सांगाल तितकी मोजून आत सोडीन. वर एकही नाही.”

धुळाप्पाचा संशय पुन्हा जागा झाला. हा का विचारतोय? कुणाला सांगणार? ओठावर ‘चाळीस’ आलं होतं. त्यानं मागे वळून पाहिलं. सगळी मेंढरं फाटकाकडे मान करून उभी होती.

“ऐंशी,” तो म्हणाला. “नाही. शहात्तर. चार माझ्या हातानं गेली.”

राखणदारानं शहात्तर मेंढरं मोजून आत सोडली. बाहेर एकही राहिलं नाही, आणि कुणाची नजरही लागली नाही.

म्हणून सांगतो: जो दुसऱ्याच्या प्रत्येक बोलण्यात खोट धरून चालतो, त्याच्या हातून भल्या माणसानं सांगितलेल्या औषधाचंही विष होतं.