दोघांचे कुरण

एका जंगलात एक हरिणी शाळा चालवत असे. शाळा म्हणजे ओढ्याकाठचे एक कुरण. भोवती बोराटीचे दाट काटेरी कुंपण, आत एक डोह आणि दोन जांभळींची सावली. कुंपणाला वाट एकच होती. सकाळी पोरे आत आली की हरिणी बोराटीची मोठी फांदी ओढून ती वाट बंद करी. बाहेर वारुळावर टिटवी राखणीला बसे. जरा काही हलले की ती ओरडे. बहुतेक वेळा ते वाळके पानच असे, पण त्याबद्दल तिला कोणी बोलत नसे. सूर्य माथ्यावर आला की शाळा सुटे. टिटवी पोरांच्या डोक्यावरून उडत त्यांना ओढ्यापर्यंत सोडी आणि तिथून ज्याची त्याची आई त्याला घेऊन जाई.

शाळेत पाडसे होती, सशाची पिल्ले होती, आणि साळिंदराचे एक पोर होते, ज्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे. हरिणीचे स्वतःचे पाडसही तिथेच शिकत होते. घरी ते तिला आई म्हणे, शाळेत बाई म्हणे, आणि घाबरले की दोन्ही विसरून नुसतेच तिच्या पोटाखाली शिरे.

मुलांनो, इथवर या गोष्टीत काही वाईट घडलेले नाही. कारण इथवर कोणी काही सुधारणा केलेली नाही.

जंगलाचा कारभार प्राण्यांची सभा पाहत असे. सभेचा प्रमुख हत्ती होता. तो मोठा होता, आणि तेवढी पात्रता सर्वांना पुरेशी वाटे. सभेचा चिटणीस कोल्हा. शाळेचा कारभार मात्र सभेकडे नव्हता, त्यासाठी निराळी समिती होती आणि तिचा अध्यक्ष होता बगळा. बगळा एका पायावर डोळे मिटून उभा राही, म्हणून तो सतत विचार करत असतो असा समज होता.

त्या उन्हाळ्यात सभेचा पाणवठा आटला, ओढाही कोरडा पडला आणि शाळेचा डोह तेवढा भरलेला राहिला. तेव्हा सभा आणि समिती यांच्यात एकाएकी जिव्हाळा उत्पन्न झाला. कुरण दोघांचे करायचे ठरले. बदल्यात शर्यतींसाठी सभेचा माळ शाळेला मिळणार होता. माळावर गवताची काडी नव्हती, पण पळायला गवत लागत नाही, असे कोल्ह्याने पटवून दिले.

मोठा समारंभ झाला. कराराचा शाळेकडचा भाग समितीने तयार केला होता, सभेकडचा सभेने. दोन्ही भाग सुरेख होते. "सूर्य माथ्यावर येईपर्यंत कुरण शाळेचे," बगळ्याने जाहीर केले. "राखण टिटवीची. वेळ संपली की शाळेने वाट उघडी ठेवून निघून जावे." मग कोल्हा उठला. "उन्हे कलल्यापासून कुरण सभेचे. राखण वानराची. आणि सर्वांत मोठी सोय ऐका. पालकांना उन्हे कलल्यावर पाण्यासाठी कुरणात यायचेच आहे. मग पोरांना न्यायला भर दुपारी ओढ्यापर्यंत वेगळा हेलपाटा कशाला? शाळा सुटल्यावर पोरे तिथेच थांबतील." आयांनी माना डोलावल्या. हत्तीने सोंड उंचावली. उन्हे कलण्याच्या आधी हत्ती झोपेतून उठत नसे, म्हणून सभेची वेळ तेव्हापासून होती, हे कोणी बोलून दाखवले नाही. ते सर्वांना माहीतच होते.

भाषणे लांबली तसे श्रोते पेंगू लागले. सगळा करार अथपासून इतिपर्यंत कान देऊन ऐकणारा एकच प्राणी होता. तो करवंदीच्या जाळीमागे बसला होता आणि त्याला कोणी बोलावले नव्हते. तो लांडगा होता.

हरिणीलाही काहीतरी खटकले होते. समारंभ संपल्यावर ती बगळ्याकडे गेली.

"अध्यक्ष महाराज, एक विचारू का? सूर्य माथ्यावर आला की टिटवी जाणार. वानर येणार उन्हे कलल्यावर. मधल्या वेळी पोरं कुणाच्या राखणीत?"

बगळ्याने एक डोळा उघडला. "फार चांगला प्रश्न आहे, बाई. पण शाळेची वेळ संपल्यानंतरचा आहे. सभेला विचारा."

ती कोल्ह्याकडे गेली. कोल्हा म्हणाला, "बाई, सभेची वेळ सुरू व्हायच्या आधीचं सभा कसं बोलणार? ती समितीच्या कामात ढवळाढवळ होईल. भागीदारी नवी आहे हो, तिला जपायला हवं."

हरिणीचा स्वभाव सरळ. वरच्यांनी एवढा समारंभ केला म्हणजे मधल्या वेळेचाही विचार कुणीतरी कुठेतरी केलाच असेल, असे तिला वाटले. तोवर आपणच थांबू, असे तिने ठरवले. शाळा सुटली की ती पोरांजवळ उभी राही. टिटवीही सवयीने वारुळावरच बसे. असे थोडे दिवस बरे गेले.

मग एका दुपारी टिटवी नेहमीसारखी ओरडली. पान होते की काय होते, देव जाणे. पण हत्तीची झोप मोडली आणि पाण्याच्या आशेने लवकर येऊन बसलेल्या म्हशी चिखलात घसरल्या. सभेने समितीकडे तक्रार केली की, शाळेची नोकर शाळेच्या वेळेबाहेर ओरडते, हे अतिक्रमण आहे. समितीने टिटवीला बोलावून खडसावले. पण नुसते ऐकून घेणे शोभेना, म्हणून समितीनेही सभेकडे उलट तक्रार केली की, सभेचा वानर सकाळीच झाडावर येऊन पोरांकडे बघत बसतो. मग सभेने वानराला खडसावले. अशा रीतीने दोन्ही बाजूंना समान न्याय मिळाला.

पाठोपाठ बगळ्याने हरिणीलाही समजावले. "बाई, तुम्ही वेळेनंतर आत उभ्या असता. उद्या सभा म्हणेल, शाळा जास्त वेळ कुरण वापरते. त्या बदल्यात त्यांनी सकाळी म्हशी आत आणल्या तर पोरांना बसायला जागा राहील का? तुम्ही आपलं कुंपणाबाहेर थांबा."

म्हशींचे नाव काढल्यावर हरिणीने ते मानले. ती कुंपणाबाहेर उभी राहू लागली. वाट उघडीच ठेवायची होती. नियमच तसा होता. तिचे पाडस त्या वाटेशेजारीच येऊन बसे, म्हणजे बाहेर उभी असलेली आई दिसत राही.

"बाई, आत का नाही येत?" त्याने विचारले.

"आता शाळा सुटली. आता मी आई आहे."

"मग आई, आत का नाही येत?"

ती पुन्हा बगळ्याकडे गेली, पुन्हा कोल्ह्याकडे गेली. अखेर तिच्या चकरांना कंटाळून दोघांनी एकत्र बैठक बोलावली. बैठकीची वेळ भर दुपारची ठरली, कारण ती वेळ दोघांनाही मोकळी होती. जाण्यापूर्वी हरिणी पाडसाला म्हणाली, "इथेच बस. मी तुमच्यासाठीच चाललेय." पाडस वाटेशेजारी बसले. सांगितलेले ऐकायचे, हे त्याला शाळेतच शिकवलेले होते.

बैठक वडाखाली भरली. हत्ती पेंगत होता. कोल्ह्याने प्रश्न वाजवी असल्याचे मान्य केले. बगळ्याने तो महत्त्वाचा असल्याचे मान्य केले. दोन्ही बाजूंचे एवढे एकमत पूर्वी कधी झाले नव्हते, म्हणून आधी परस्परांचे आभार मानण्यात आले. मग मधल्या वेळेचा अभ्यास करण्यासाठी एक संयुक्त उपसमिती नेमायचे ठरले. हरिणीचे डोळे भरून आले. आपले म्हणणे कोणीतरी ऐकले, या समाधानात ती उभी होती.

त्या वेळी कुरणाजवळ काय चालले होते, हे तिला पुढे कळले. टिटवी वारुळावर बसली होती आणि वानर शेजारच्या झाडावर. टिटवीचे काम संपले होते, वानराचे सुरू व्हायचे होते.

"अहो वानरराव, तो करवंदीतून निघालाय, तो लांडगाच ना?"

"लांडगाच. चाल बघा की त्याची."

"मग ओरडा."

"मी कसा ओरडू? माझी पाळी उन्हं कलल्यावर. तुम्ही ओरडा."

"माझी संपली. मागे ओरडले तर केवढं ऐकून घ्यावं लागलं. तुम्ही तरी पुरुषासारखे पुरुष."

"मला काय कमी बोलले? नुसता बघत होतो, तर म्हणे डोळे आवर."

"वाटेपाशी आला हो."

"दिसतंय मला."

"मग आता?"

"आता दोघं मिळून ओरडू. म्हणजे एकावर येणार नाही."

ते दोघे मिळून ओरडले. वडाखाली तो कालवा ऐकू आला तेव्हा बगळा म्हणाला, "पुन्हा भांडताहेत वाटतं." आणि कोल्हा म्हणाला, "यांच्यासाठीही एक उपसमिती लागेल." हरिणीने मात्र दोघांचेही बोलणे पुरते ऐकले नाही. ती पळत सुटली होती.

कुरणात सशाची पिल्ले बिळात दडली होती. साळिंदराच्या पोराभोवती बाकीची पोरे दाटीवाटीने उभी होती, ज्याच्या शेजारी कधी कोणी बसत नसे त्याच्याभोवती. वाटेशेजारची जागा रिकामी होती. गवत आडवे झाले होते आणि कुंपणाच्या काट्याला थोडे केस अडकले होते. हरिणीने ते हुंगले. मग ती तिथेच बसली, आणि उन्हे कलून म्हशी पाण्यावर येईपर्यंत उठली नाही. म्हशी तिला वळसा घालून गेल्या. जनावरे तशी वाईट नव्हती.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. शोक संपल्यावर जबाबदारीचा विषय निघाला आणि तो शोकापेक्षा बराच जास्त वेळ चालला. पाडस कोणाच्या वेळेत गेले, हा मुद्दा होता. समिती म्हणाली, शाळा सुटली होती. सभा म्हणाली, सभेची वेळ सुरू झाली नव्हती. करार पुन्हा म्हणून दाखवण्यात आला आणि तो दोन्ही बाजूंनी अगदी बरोबर निघाला. शेवटी हत्तीने निर्णय दिला. भर दुपारची वेळ सभेची नाही, समितीचीही नाही, ती कोणाचीच नाही. सबब झाल्या घटनेत कोणाचाही दोष नाही. भागीदारी पूर्वीप्रमाणे चालू राहावी.

कोल्हा हरिणीजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, फार वाईट झालं. पण निकाल तुमच्या बाजूनंही लागला बघा. तुमच्यावरसुद्धा ठपका नाही."



त्याच्या पुढच्या सकाळी तिने शाळा भरवली. सूर्य माथ्यावर आला. टिटवी उडून गेली. हरिणी बाहेर गेली नाही. तिने बोराटीची फांदी ओढली, वाट बंद केली, आणि फांदीला टेकून उभी राहिली. उन्हाच्या झळा लागत होत्या. पोरे तिच्यामागे जांभळीखाली बसली होती. थोड्या वेळाने कोल्हा आला, त्याच्यामागून बगळा आला. अशा वेळी दोघे नेहमी बरोबर असत.

"बाई, हे काय?" कोल्हा म्हणाला. "वाट उघडा. ही वेळ शाळेची नाही."

"माहीत आहे."

"सभेचीही नाही," बगळा म्हणाला.

"तेही माहीत आहे. ही कुणाचीच नाही, असा काल तुम्ही निकाल दिलात. कुणाचीच नसलेली वस्तू मी घेतली. आता ही माझी आहे."

"कुणाच्या परवानगीनं?"

"ज्याची वस्तू, त्याची परवानगी लागते. मालक दाखवा, विचारते."

कोल्ह्याने बगळ्याकडे पाहिले. बगळ्याने डोळे मिटले. मालक दाखवायचा म्हणजे दोघांपैकी एकाने ती वेळ आपली म्हणायला हवी होती, आणि ती आपली म्हटली की पाडसही आपल्या वेळेत गेले, असे होत होते. दोघे सावली शोधत निघून गेले.

तेव्हापासून ती रोज दुपारी तिथे उभी राहते. त्यासाठी तिला कोणी नेमलेले नाही. तिला शिंगे नाहीत, टिटवीसारखा गळा नाही, आणि लांडगा खरोखरच चाल करून आला तर ती काय करू शकेल, हे तिलाही ठाऊक नाही. पण तिच्या शाळेतले एकही पोर त्यानंतर गेले नाही. तिचे स्वतःचे जे गेले, ते परत आले नाही.

करवंदीच्या जाळीमागे लांडगा अजून अधूनमधून येऊन बसतो. त्याला घाई नाही. वडाखाली बैठक भरली की तो थोडा पुढे सरकतो आणि कान टवकारून ऐकतो. संयुक्त उपसमितीचा अहवाल लवकरच येणार आहे, असे त्याच्या कानावर आले आहे.

तात्पर्य : राखण दोघांनी वाटून घेतली तर आपला वाटा मोजण्याआधी दोन वाट्यांच्या मधली जागा पाहावी. ती तुम्ही पाहिली नाही, तर लांडगा पाहतो.