तुळईखालची जागा

आमच्या वेळशेत गावात देवळाचं छप्पर गळेल, पण शाळेचं गळणार नाही. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी इथं सरपंचाला आत बसवून बाहेरून कुलूप घालतात. पाहुणे हसतात. आधी आम्हीही हसतो, मग कुलूप लावतो.

असं सांगतात, की फार पूर्वी इथं मानाजी पाटील होता. शाळा धड आहे की नाही, हे दरसाल मामलेदाराला त्यानं कळवायचं. तो यायचा, उंबऱ्याबाहेरूनच दाराच्या सागवानी चौकटीवर काठी आपटायचा आणि म्हणायचा, "खणखणीत हाय." आत पाऊल टाकायचा नाही.

एका आषाढात शाळेला सुट्टी असताना तो पावसाच्या आडोशाला आत शिरला आणि दार ओढून घेतलं. तेवढ्यात भिजलेली भिंत खचली, चौकट चेपली आणि दार गच्च बसलं. वर तुळई करकरली. वाळवीचा भुगा त्याच्या पागोट्यावर पडू लागला.

हाका ऐकून भिवा सुतार धावत आला. "पाटील, दाराला हात लावू नगा. आता त्येच भिंत धरून हाय." खिडकी जेमतेम वीतभर रुंद. तिच्यातून त्यानं एक वासा आत सारला. "ह्यो तुळईखाली लावा आन् खांद्यानं रेटून धरा. मी पलीकडची भिंत फोडतो."

पाटील वासा धरून उभा राहिला. खांदा सोलवटला. सोडावं तर तुळई डोक्यात. भीतीनं त्याला रडू फुटलं, म्हणे. खाली पाहिलं, तर सगळीकडचं सारवण पोरांच्या बसण्यानं झिजलेलं. तुळईखालचा पट्टा तेवढा कोरा.

खिडकीशी शाळेचे पंतोजी उभे होते. पाटलानं विचारलं, "पोरं हितं बसत न्हाईत?"

"दोन वर्षं मीच बसू देत नाही. तुम्हाला सांगितलं होतं."

"मी काय म्हनलो?"

"खणखणीत आहे म्हणालात."

दिवेलागणीला भिवानं पाटलाला ओढून काढला आणि मागोमाग छप्पर बसलं. भिजल्या अंगानंच त्यानं शपथ घेतली, की यापुढं पोरांच्या आधी गावचा कारभारी आत बसेल, दार बाहेरून बंद.

शाळा पुन्हा बांधली. आजही कुलपाची किल्ली पहिलीत जाणाऱ्या पोरांच्या आयांकडे असते, आणि दिवस मावळेपर्यंत त्या दार उघडत नाहीत. म्हणून आमचे सरपंच वैशाखातच सुतार शोधत फिरतात. नव्या तुळईखालची जागा पहिलीच्या पोरांची. तिथं दरसाल आधी सरपंच बसतो, वर बघत.