कडेलोटाआधीचे डोहाळे

आमचे किल्लेदार भारी दयाळू, असं तेच सांगायचे. पोटातला जीव पवित्र, म्हणून गडावरच्या प्रत्येक गरोदर बाईचे डोहाळे ते पुरवत. पण संशयी एवढे, की मालू बुरूड दरीकडे तोंड करून शिंकला, तर ती शिंक शत्रूला केलेली खूण समजून त्यांनी त्याचा कडेलोट फर्मावला.

मालूची बायको सगुणा सदरेवर आली. "सरकार, डोहाळे लागलेत. नवरा जिवंत बघावासा वाटतो."

किल्लेदारांनी डोळे बारीक केले. "दिवस खरंच गेलेत ना गं? बरं, बाळंत होईस्तोवर सोडतो. मग ढकलीन."

सगुणानं पोटावर हात ठेवला. "ऐकलंस ना बाळा? आतच बस. इथं बाहेर आलं की जीव पवित्र राहत नाही."

सदर खो खो हसली. हसणाऱ्या सगळ्यांना ढकलायचं, तर गडावर राहिलं कोण असतं? किल्लेदारांनी हुकूमच मागे घेतला आणि मालू कायमचा सुटला.