हात न बुडवलेली आई

फार फार पूर्वी, किरगीझांच्या डोंगरांत पोरं चालायच्या आधी घोड्यावर बसायला शिकत, तेव्हाची ही गोष्ट. तिथे बुरुल नावाची एक विधवा राहायची. तोंडाने फटकळ, पण दारी आलेल्याला उपाशी न पाठवणारी. नदीकाठच्या एका कुरणावरून तिची टोळी आणि शेजारची टोळी यांत लढाई जुंपली आणि तिचा एकुलता एक लेक बाण लागून गेला.

पुढे दोन्ही टोळ्या थकल्या आणि तह ठरला. रीतीप्रमाणे पांढऱ्या घोडीचा बळी दिला, दोन्हीकडच्या माणसांनी तिच्या रक्तात हात बुडवले आणि शपथ घेतली, "वचन मोडलं तर गवताळ छातीची ही धरती मला गिळो, उघड्या माथ्याचं आभाळ मला झोडपो." शपथ मोडणाऱ्याला धरती सोडत नाही, ही त्या लोकांची पक्की समजूत होती.

तिच्या टोळीच्या सरदाराने बुरुललाही बोलावलं. ती म्हणाली, तुम्ही खुशाल बुडवा हात, माझा सूड अजून माझ्यापाशी आहे. लोक कुजबुजले, आता सगळ्या मुलखात सूड घ्यायला हिचाच एक हात मोकळा.

हिवाळ्यात एका दुपारी बर्फाचं वादळ सुटलं आणि बुरुलच्या तंबूत तिलेक नावाचा एक तरुण धडपडत शिरला. पाहुण्याला आधी खाऊ घालायचं, मग नाव-गाव विचारायचं, ही तिथली रीत. बुरुलने त्याला शेकोटीजवळ बसवलं, गरम दूध आणि रोटी दिली. खाता खाता त्याचे डोळे भरून आले.

"आई, तुमच्या रोटीने जीव वाचला. आभाळ तुमच्या लेकाला उदंड आयुष्य देवो."

"माझा लेक मातीत आहे," बुरुल म्हणाली. "नदीकाठच्या लढाईत गेला. तांबड्या घोड्यावर होता."

तिलेकचा घास हातातच राहिला. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं, आणि खरं सांग म्हणून कुठली शपथही त्याला बांधत नव्हती. पण त्याने कमरेची सुरी काढली आणि मूठ बुरुलकडे करून पुढे धरली.

"तो बाण माझा होता. शपथ न घेतलेली एक बाई आहे असं ऐकलं होतं, ती तुम्हीच असणार. धरती तुम्हाला काही करणार नाही."

बुरुलने सुरी घेतली.  ज्या घडीची तिने वाट पाहिली, ती समोर मान वाकवून बसली होती. तिने त्या मानेकडे पाहिलं. कोवळी होती, आणि थंडीने काळीनिळी पडली होती.

 मग शपथ घेताना लावतात तसं तिने ते पातं स्वतःच्या ओठांना लावलं आणि धरती-आभाळाला साक्षी ठेवून म्हणाली, आजपासून हा माझा. तिने त्याचं डोकं ओढून छातीशी धरलं आणि लेकरासारखे त्याचे ओठ तिथे टेकवले. त्या मुलखात असे ओठ टेकले की परकाही पोटचा होतो.

"जागा तू रिकामी केलीस, आता तूच भरायची," ती म्हणाली. "मेंढ्या सांभाळायच्या. आणि मी बोलायला लागले की ऐकून घ्यायचं. तो मेला कधी ऐकायचा नाही, तू ऐक."

तिलेक लहान पोरासारखा रडला.

वसंतात सरदार आला आणि त्याने टोमणा मारला, आमच्यासाठी हात बुडवला नाहीस, शत्रूसाठी मात्र पातं चुंबलंस. बुरुल एवढंच म्हणाली, "तुम्ही धरतीची भीती घालून शपथ मागत होता. हा भीती नसताना खरं बोलला."

त्या साली घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा पहिला वाडगा तिलेकने स्वतःच्या तोंडाला न लावता तिच्यापुढे धरला. जन्मात कुणाचे उपकार न मानलेल्या बुरुलने वर पाहिलं आणि म्हणाली, "नेलंस ते नेलंस. पण लेक होऊन जे दिलंस, त्याचे उपकार आहेत बरं का माझ्यावर."

तात्पर्य एवढंच, लेकरांनो: भीतीने घेतलेली शपथ हात बांधते, मनापासून घेतलेली शपथ माणूस जोडून देते.