शेंदूरगडची न बसलेली पंगत

भल्या माणसांना राज्याबाहेर काढा, असा हुकूम शेंदूरगडच्या सर्जेराजांनी सोडला आणि यादीत पहिलं नाव लागलं नेमाजी नावाड्याचं.

कारण ऐकाल तर हसाल. राजे रोज सकाळी गच्चीत उभं राहून गाव न्याहाळत. कुणाच्या दारात वहाणांचा ढीग दिसला, की समजायचं, त्या घरावर काहीतरी संकट आलंय आणि माणसं समाचाराला जमलीत. वर्षभर बघून बघून राजांच्या ध्यानात आलं, की हा ढीग दिसतो तो नेमका सज्जनांच्याच दारात. नेमाजीचंच घ्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना फुकट नदीपार करणारा माणूस. त्याची नाव फुटली, मग हात मोडला, मग छप्पर उडालं. तिन्ही वेळा ढीग! उलट कोतवाल, कोठीवाले, दिवाण यांच्या दारात एक तुटका जोडासुद्धा कधी दिसला नाही. दिवाण त्र्यंबकपंतांनी लगेच री ओढली. म्हणाले, महाराज, संकट भल्या माणसाचा वास काढत येतं. भला माणूस गेला, की त्याच्यामागे संकटही जाईल. आपल्या जावयाचा डोळा नेमाजीच्या घाटावर आहे, एवढं मात्र पंत सांगायला विसरले.

आठवडी बाजाराच्या आत घर सोडायचं होतं. नेमाजी इतका भला, की मुकाट्याने भांडीकुंडी बांधायला बसला. राजाने काही विचार केला असेलच, असं त्याचं म्हणणं.

त्याची बायको हौसा ही हाडवैदीण. पंचक्रोशीत कुणाचं काही मोडो, निखळो, ते हौसानेच बसवायचं. ती म्हणाली, "तुम्ही बांधा निवांत. मी जरा तो विचार चाचपून येते."

दरबारात जाऊन तिने सांगून टाकलं, की संकटं भल्याबुऱ्या सगळ्यांवर सारखीच येतात. ही तिने स्वतःच्या बोटांनी तपासलेली गोष्ट आहे. मग सांग नावं, राजे म्हणाले. इथेच घोडं अडलं. कुणाचं काय मोडलं ते तिसऱ्या कानी घालायचं नाही, हा हाडवैदाचा नेम. कोण पुढच्या दाराने आलं आणि कोण परसातून घोंगडी पांघरून आलं, तेही सांगायचं नाही.

"नावं सांगणार नाहीस आणि वर पुरावा देणार?" राजे हट्टाला पेटले. "उद्या दुपारपर्यंत दे. नाहीतर आम्ही बाजाराचीही वाट बघणार नाही."

"देते महाराज. पण पुरावा मी पंगतीत वाढीन. उद्या सगळ्या दरबाराला जेवायला बसवा. पाटावर, नीट मांडी घालून, आणि घास उजव्या हाताने. एवढं पाळा म्हणजे झालं."

राजे बुचकळ्यात पडले. पण पुरणपोळीला नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पाट मांडले, पानं वाढली आणि मंडळी बसायला लागली. कोतवाल बसले ते एक पाय तोफेसारखा समोर काढून. टाच थेट समोरच्याच्या वरणात! कोठीवाल्यांचं माप जसं कधी वर भरत नसे, तसा त्यांचा उजवा हातही छातीच्या वर येईना. ते बिचारे करकोच्यासारखी मानच पोळीकडे नेऊ लागले. त्र्यंबकपंत खांबाला धरून उभेच. आज उपास आहे म्हणाले. आचाऱ्याने मोठ्या आवाजात आठवण करून दिली, की पंतांनी सकाळीच मुदपाकखान्यात येऊन चार पोळ्या चाखल्यात.

"पंत, टेका की," हौसा गोड आवाजात म्हणाली.

पंत टेकले आणि अशी किंकाळी फोडली, की बाहेरच्या हत्तीने सोंड वर केली.

मग राजांनी एकेकाला पुढ्यात घेतलं. कोतवाल घोड्यावरून पडले होते. कोठीवाल्यांच्या खांद्यावर धान्याची गोणी कोसळली होती. पंतांनी जिन्यावरून येताना माकडहाड दुखावून घेतलं होतं. एवढं सगळं झालं आणि आम्हाला पत्ता नाही तो कसा, असं राजांनी विचारलं. सगळे पानातल्या मिठाकडे बघू लागले.

हौसा म्हणाली, "महाराज, मी एक नाव घेतलेलं नाही. ज्याचं त्याच्या हाडानेच सांगितलं. नेमाजी पडला, तर गाव हळद-तेल घेऊन धावतं. हे पडले, तर लपवतात. कारण गावाला कळलं, तर गाव पेढे वाटेल! तुम्ही गच्चीतून संकटं मोजली नाहीत, वहाणा मोजल्या."

पण हौसाचं लक्ष भलतीकडेच होतं. राजे काल दरबारातही डाव्या अंगावर कलून उभे होते, आजही तसेच, आणि अत्तराच्या आडून तिळाच्या तेलाचा वास येत होता.

"महाराज," ती हळूच म्हणाली, "एक पाट अजून रिकामा आहे. तुमचा."

राजांनी तिला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. "न्हाणीघरात पाय घसरला. कंबर धरलीय. आम्हीही कुणाला बोललो नाही, आमच्याही समाचाराला कुणी आलं नाही. मग हौसा, आम्ही भले की बुरे?"

नको तो शब्द गेला असता, तर बांधलेली भांडी थेट गाडीतच चढली असती. हौसाने पदर सावरला.

"मी कोण सांगणार, महाराज? महाराज न्हाणीत पडले, अशी दवंडी पिटवा. लोक हळद घेऊन आले, तर तुम्ही भले. आणि पेढे वाटले, तर आम्हा दोघांना आजच गाडी जुंपून द्या. मग असल्या गावात राहून आम्ही तरी काय करू!"

राजे असे हसले, असे हसले, की कंबरेत लचक भरून ओरडले आणि ओरडता ओरडता पुन्हा हसले. हौसाने चार पाट जोडून त्यांना पालथं झोपवलं, पाठीला गुडघा लावला आणि कट् असा आवाज काढला. राजे उठले, ऐटीत मांडी घालून बसले आणि सहा पोळ्या हाणल्या. हुकूम फाटला. नेमाजीला सागवानी नाव मिळाली, घाट पिढीजात त्याच्या नावे झाला, आणि हौसाच्या हातात सोन्याचे गोठ आले.

दवंडीवाला ढोल घेऊन दोन दिवस वाड्याच्या दारात उभा होता. त्याला मात्र राजांनी पोटभर जेवू घालून, दवंडी न पिटवताच परत पाठवलं.