बकरीचं दावं

सुकवणीच्या खळ्यावर अणुवीज केंद्र आणायचं ठरलं, म्हणून बंदरवाडीच्या शाळेत ग्रामसभा भरली. खळं गेलं तर बायकांनी मासळी सुकवायची कुठे, हा प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता. ओठावर आणला तो एकट्या द्वारका तांडेलने.

वीज कंपनीच्या प्रभुणेसाहेबांनी टेबलावर गावाचा मोठा नकाशा पसरला आणि त्यावर केंद्राची डब्याएवढी प्रतिकृती ठेवली. "मावशी, जुनी केंद्रं डोंगराएवढी असायची. हे अगदी लहान. खळ्यातले दोन गुंठे द्या, बाकीचं तुमचंच."

"मग बाकीच्यावर बोंबील घालू ना?"

साहेब घुटमळले. "तसं नाही. सभोवार एक किलोमीटर कोणाला वावरता येणार नाही. नियम अजून मोठ्या केंद्रांचेच आहेत. लहानांसाठी वेगळे व्हायचेत."

"तुमच्या नकाशावर किलोमीटर केवढं?"

साहेबांनी बोटाने दाखवलं. द्वारकाने जाळ्याचा दोरा तेवढा धरून, नकाशातल्या खळ्यावर एक टोक दाबून दुसऱ्या टोकाने पेन्सिल फिरवली. वर्तुळात खळं गेलं, धक्का गेला आणि सभा भरली होती ती शाळाही गेली.

"आमच्याकडे खळ्याशेजारी कोणी बकरी बांधली, तर बकरी केवढी ते आम्ही बघत नाही," ती म्हणाली. "दावं मोजतो. ती घाण करते दाव्याच्या टोकापर्यंत. तुमची बकरी दोन गुंठ्यांची आहे ना, साहेब? मग दावंही दोन गुंठ्यांचं करून आणा. पहिली सही माझी."

साहेबांनी प्रतिकृती पिशवीत टाकली. नकाशाची घडी घालायला मात्र दोन माणसं लागली.